दाखलक्रमांक ठाऊक नसलेला वाचक

महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी सकाळी सात वाजता सार्वजनिक वाचनालयासमोर जाऊन उभे राहिले, तर तरुण पिढी ग्रंथालयाकडे फिरकत नाही या नेहमीच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे अवघड जाते. जिन्याखाली चपलांचा ढीग साचलेला असतो, दुचाकी रस्त्यापर्यंत आलेल्या असतात, आणि पाठीला सॅक व हातात जेवणाचा डबा घेतलेली वीस ते तीस वयाची मुले-मुली कुलूप उघडण्याची वाट पाहत असतात. ही सारी गर्दी अभ्यासिकेची असते. ती रात्री दहापर्यंत त्या इमारतीत बसते, वाचते, अधोरेखित करते, टिपणे काढते. आणि तिच्यातील बहुतेकांनी त्याच इमारतीतील ग्रंथालयाचे एकही पुस्तक वर्षभरात हातात धरलेले नसते. मी स्वतः तीन वर्षे अशीच बसत होते. राज्यसेवेची तयारी करीत होते, आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, काही हजार मराठी पुस्तके आहेत याचा मला जवळजवळ विसर पडला होता.

तरुणांचे वाचन या विषयावर आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते, परंतु ते बोलणे बहुधा दोन टोकांवर अडकलेले असते. एक तर लहानपणीच संस्कार व्हायला हवेत असे म्हणायचे, नाही तर मोबाईलने सगळे संपवले असे म्हणून मोकळे व्हायचे. या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा वर्ग आहे. शाळकरी वयात भरपूर वाचणारा, नववी-दहावीत वाचन सुटलेला आणि बावीस-पंचविशीत पुन्हा वाचावेसे वाटू लागलेला हा वर्ग कोणाच्याच हिशेबात धरलेला नाही. या वयात वाचनाकडे परत येणे शक्य असते, ते स्वाभाविकही असते. पण परतणाऱ्यासाठी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांची रचनाच झालेली नाही, आणि ती बदलणे फारसे खर्चाचे काम नाही, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

वाचन नेमके केव्हा सुटते, ते आधी पाहू. माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे मीही ‘किशोर’ मासिकावर वाढले. १९७१ पासून बालभारती हे मासिक काढते, आणि आमच्या घरी त्याचे अंक धाकट्या मावशीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून भावाकडे गेले. सहावी-सातवीत जेवताना ताटाशेजारी पुस्तक असे आणि त्यावरून बोलणी बसत. नववीत हे थांबले. कोणी बंदी घातली नाही. झाले ते असे, की छापील मजकुराच्या प्रत्येक पानामागून एक प्रश्न येऊ लागला. कृतिपत्रिकेत उतारा दिलेला असतो आणि त्याखाली लिहिलेले असते, चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, स्वमत लिहा. स्वमतसुद्धा आठ-दहा ओळींत, आणि शिकवणीत लिहून दिलेले. कवितेचे रसग्रहण मुद्द्यांनुसार. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, पदवीनंतर स्पर्धा परीक्षा, असे आठ-दहा वर्षे चालते, आणि या काळात डोळ्यांना एकच वळण लागते. मजकुरात उत्तर शोधायचे, ते सापडले की पुढे जायचे.

मोबाईल या कथेत उशिरा आला. माझा स्वतःचा फोन मला बारावीनंतर मिळाला, म्हणजे वाचन सुटून तीन वर्षे उलटल्यावर. फोनचा दोष नाही असे मला म्हणायचे नाही. एका जागी वीस मिनिटे बसून एकच गोष्ट वाचण्याची क्षमता त्याने कमी केली आहे, हे मी स्वतःवरून सांगू शकते. पण रिकाम्या झालेल्या घरात भाडेकरू आला म्हणून घर त्यानेच रिकामे केले असे होत नाही. हे घर आधी परीक्षेने रिकामे केले होते. आणि एक गोष्ट गमतीची आहे. अभ्यासिकेतली मुले दिवसाला दहा-बारा तास छापील मजकूर वाचतात. वाचण्याचा कंटाळा, एकाग्रतेचा अभाव, बैठक नसणे, हे जे आरोप तरुणांवर होतात, ते त्यांना तरी कसे लावणार?

आता परतण्याविषयी. आमच्या अभ्यासिकेला रंग द्यायचा होता, म्हणून दोन दिवस आम्हा सगळ्यांना तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या दालनात बसवले होते. माझी खुर्ची एका काचेच्या कपाटासमोर आली. दुपारी जेवणानंतर डोळे जड होऊ लागले तेव्हा मी काचेमागचे पुस्तकांचे कणे वाचू लागले. काहींवरची नावे पुसली होती, काहींच्या कण्यावरची क्रमांकाची चिठ्ठी निम्मी उखडून लोंबत होती. अर्धा तास मी नुसती नावे वाचली. मग उठून देवघेवीच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, “मॅडम, त्या कपाटातलं एखादं पुस्तक बघायला मिळेल का?”

“कोणतं?”

“ठरवलं नाही अजून. बघून सांगते.”

“अहो, तसं नाही देता येत. नाव सांगा, नाहीतर दाखलक्रमांक लिहून द्या, मी काढून देते. यादी तिथे टेबलावर आहे.”

त्यात त्यांचा उद्धटपणा काहीच नव्हता. पद्धतच ती होती. टेबलावरची यादी म्हणजे जाड बांधणीची, कोपरे मुडपलेली एक वही होती, आणि तीत पुस्तके ज्या क्रमाने ग्रंथालयात आली त्या क्रमाने नोंदलेली होती; त्या नोंदीचा आकडा म्हणजेच दाखलक्रमांक. एखाद्या कादंबरीनंतर मधुमेहावरील पुस्तक आणि त्यानंतर ज्ञानेश्वरीवरील निरूपण. त्या वहीतून काय मागावे हे ज्याला ठाऊक आहे तो आधीच वाचक असतो. मला ते ठाऊक नव्हते. दहा वर्षांपूर्वी मी जे वाचत होते ते मुलांचे होते, आणि मधल्या काळात प्रौढांच्या साहित्याशी माझी ओळख झाली ती केवळ ‘लेखक आणि त्यांची साहित्यकृती, जोड्या लावा’ एवढ्यापुरती. शेवटी दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी वाळवीची पावडर टाकण्यासाठी ते कपाट उघडले, तेव्हा त्यांच्या शेजारी उभी राहून मी एका शिक्षकाचे आत्मकथन काढले. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीत शेवटचा शिक्का २०११ सालच्या मार्चचा होता. ते घरी न्यायचे तर वेगळे सभासदत्व, अनामत आणि एका जुन्या सभासदाची शिफारस लागणार होती. अभ्यासिकेची मासिक फी मी भरतच होते, पण तो हिशेब निराळा, पावतीपुस्तकही निराळे.

त्या संध्याकाळी माझी अकरा पाने वाचून झाली. बाराव्या पानावर माझ्या लक्षात आले की माझ्या हातात पेन्सिल आहे, आणि मी लेखकाच्या जन्मगावाचे नाव व त्याच्या नोकरीचे साल अधोरेखित केले आहे. पुस्तक ग्रंथालयाचे होते म्हणून खोडरबराने ते पुसून काढले. पण हाताची ती सवय जायला तीन-चार पुस्तके लागली. पुढच्या महिन्यात मी दोन पुस्तके अर्धवट परत केली, एक पूर्ण वाचले, आणि चौथे रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

हा एकटीचा अनुभव असता तर तो सांगण्यात अर्थ नव्हता. पण यातील अडचण ग्रंथालयशास्त्राने फार पूर्वी ओळखलेली आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील दुसरे सूत्र ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असे आहे आणि तिसरे ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे. वरवर पाहता ही एकाच वाक्याची उलटापालट वाटते, पण त्यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या सूत्रातील वाचक काहीतरी मागत येतो. तिसऱ्यात मागणी कोणाचीच नसते. पुस्तक पडून असते आणि त्याला वाचक शोधून द्यायचा असतो. हे साधण्याचा मुख्य मार्ग म्हणून रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीकडे, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याकडे, बोट दाखवतात. फिरता फिरता हात एखाद्या पुस्तकावर थांबणे, ते उघडून मधलेच पान वाचणे, न आवडल्यास परत ठेवणे, या क्रियेला पर्याय नाही. वाचन सुटलेल्या माणसाला तर तिची सर्वांत जास्त गरज असते, कारण आपल्याला आता काय आवडते हे त्याचे त्यालाच माहीत नसते.

आपल्या इतिहासात याची उदाहरणे आहेत, आणि ती विलायतेहून आणावी लागत नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले, आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जे जाळे विणले त्यात खेड्यांपर्यंत जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्याही होत्या. कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ मध्येच झाला, म्हणजे मद्रास प्रांताच्या १९४८ च्या बहुचर्चित कायद्याच्याही आधी. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. मद्रासने आणि पुढे कर्नाटकाने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तो मार्ग घेतला नाही. येथे नोंदणीकृत संस्थांनी ग्रंथालये चालवायची आणि सरकारने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान द्यायचे, अशी व्यवस्था झाली. तिचा एक गुण निर्विवाद आहे: गावोगावच्या लोकांनी स्वतः उभारलेल्या संस्था टिकल्या आणि राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली. पण याच व्यवस्थेमुळे आपले सार्वजनिक ग्रंथालय पूर्ण अर्थाने सार्वजनिक कधी झालेच नाही. ते वर्गणीदारांचे राहिले, आणि पुस्तक ही वापरून झिजवायची वस्तू न राहता मोजून दाखवायची मालमत्ता झाली. तपासणीच्या वेळी नोंदवहीतले पुस्तक कपाटात दिसले पाहिजे. ते दिसण्याची सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे कपाटाला कुलूप लावणे.

याचा दोष ग्रंथपालांवर टाकणे अन्यायाचे होईल. बहुतेक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना मिळणारे वेतन इतके तुटपुंजे आहे, की हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्या माथी येईल ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे. अभ्यासिकेवरही माझा राग नाही. अनेक ठिकाणी वीजबिल, झाडलोट, प्रसंगी वर्तमानपत्रांची बिले अभ्यासिकेच्या फीतून निघतात. ज्या मुलाला एका खोलीत पाच माणसांबरोबर राहावे लागते त्याला शांत टेबल मिळणे ही लहान गोष्ट नाही. अभ्यासिकांनी ग्रंथालयांवर आक्रमण केले असे म्हणणारे लोक मला भेटतात. मी त्यांना विचारते, की त्या मुलांना तुम्ही कधी खालच्या मजल्यावर बोलावले होते का?

आपण त्यांना बोलावतो ते भाषणाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्यामागचा हेतू चांगला आहे. आमच्याही वाचनालयात त्या दिवशी कार्यक्रम असे, अभ्यासिकेतल्या मुलांना खाली बोलावून खुर्च्या भरल्या जात आणि पाहुणे वाचनाचे फायदे सांगत: शब्दसंपत्ती वाढते, व्यक्तिमत्त्व घडते, मुलाखतीत उपयोग होतो. वक्त्यांच्या पाठीमागे तीच कपाटे असत, त्या दिवशीही बंदच. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून या फायद्यांत आणखी एकाची भर पडली आहे. अवांतर वाचन केले तर निबंधात गुण मिळतील, असे शिकवणीवर्गही सांगू लागले आहेत. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. ज्या कारणाने वाचन सुटले तेच कारण ते परत मिळवण्यासाठी पुढे करण्यासारखे हे आहे. गुणांसाठी वाचलेली कादंबरी पुन्हा चौकटी पूर्ण करण्याच्याच कामाला लागते, आणि परीक्षा संपली की तीही संपते. वाचावेसे वाटणाऱ्याला प्रेरणेची उणीव नसते. त्याची अडचण इतकीच असते, की कोणते पुस्तक, कोठे, आणि ते नाही आवडले तर काय.

यातला ‘नाही आवडले तर काय’ हा भाग फार दुर्लक्षित आहे. पुस्तक अर्धवट सोडणे म्हणजे काहीतरी अपुरे राहणे, अशी शाळेने लावलेली शिस्त पंचविशीतही सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मोठ्या उत्साहाने एक नावाजलेली, सातशे पानांची कादंबरी घेतली, कारण ‘सुरुवात करायची तर चांगल्याने करावी’ असे त्याला कोणीतरी सांगितले होते. तो साठाव्या पानावर अडकला, आणि ती संपेपर्यंत दुसरे घ्यायचे नाही या निश्चयापायी आठ महिने त्याने काहीच वाचले नाही. नवी वधू घरात आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्याकडून पुरणपोळी करून घेण्यातला हा प्रकार. वाचनाच्या बाबतीत आपण मराठी लोक अभिजनपणा फार लवकर करतो. एके काळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून रोजच्या भाड्याने रहस्यकथा नेणाऱ्यांच्या पिढीला आपण हसलो, आणि बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या हे आजही थट्टेच्या सुरात सांगतो. त्या भाड्याच्या पुस्तकांवर किती जण वाचते झाले, याचा हिशेब मात्र आपण केला नाही. परत येणारा वाचक हलक्या पुस्तकाने परत येत असेल, तर येऊ द्यावा. विज्ञानकथा, भयकथा, प्रवासवर्णन, क्रिकेटपटूचे चरित्र, भाषांतरित पोलिसकथा, काहीही.

मग करायचे काय? अभ्यासिकेची फी भरणाऱ्या प्रत्येकाला त्याच पावतीवर एका वेळी एक पुस्तक घरी नेण्याचा हक्क द्यावा. वेगळी अनामत नको, शिफारस नको. तो रोज सकाळी तेथेच येतो, त्याचा पत्ता, फोन आणि ओळखपत्राची प्रत संस्थेकडे आहे, त्याच्याकडून पुस्तक परत मिळण्याची शाश्वती कोणत्याही सभासदापेक्षा अधिक आहे. सगळी कपाटे उघडण्याचे धैर्य नसेल, तर ललित साहित्याची दोन उघडावीत. आणि तेही नको असेल, तर अभ्यासिकेच्या दाराशी एक टेबल ठेवून त्यावर चाळीस पुस्तके मुखपृष्ठ वर करून मांडावीत आणि दर पंधरवड्याला बदलावीत. मुखपृष्ठ वर असणे महत्त्वाचे आहे. कण्यावरची पुसट नावे वाचण्याइतका निवांतपणा मला रंगकामाने मिळवून दिला. प्रत्येकाच्या अभ्यासिकेला रंग लागत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले तेव्हा बडोद्याच्या त्या जुन्या ग्रंथपेटीचीच कल्पना नव्याने वापरात आली: वाचकांनी गट करायचा, पुस्तकांची पेटी त्यांच्याकडे जाणार, ती वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. त्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. नाशिकहून निघालेली पुस्तके समुद्र ओलांडू शकतात, तर तळमजल्यावरची चाळीस पुस्तके वीस पायऱ्या का चढू शकत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. २०१७ पासून महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरच्या भिलारमध्ये लोकांच्या घरांत पुस्तके ठेवलेली आहेत आणि येणारा पाहुणा हाताने काढून वाचत बसतो. तेथे फिरायला गेलेले आपण त्याचे कौतुक करतो, आणि गावी परतल्यावर काचेवर टकटक करून दाखलक्रमांक सांगतो.

यावर हमखास येणारा आक्षेप चोरीचा. पुस्तके जातील, हे खरे आहे, काही जातीलच. पण २०११ पासून कोणीही न उघडलेले पुस्तक ग्रंथालयाकडे ‘आहे’ असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो, हेही एकदा ठरवायला हवे. वाळवीने खाल्लेली पुस्तके निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याच्या, ठरावात घालता येतात, वाचकाने हरवलेली मात्र चौकशीचा विषय होतात, हा नियम बदलायला हवा. वर्षाला शेकडा एक-दोन पुस्तके हरवणे हा वापराचा स्वाभाविक खर्च आहे असे ग्रंथालय संचालनालयाने लेखी मान्य केले, तर कपाटाच्या किल्लीवरची ग्रंथपालांची मूठ आपोआप सैल होईल. दुसरा आक्षेप असा, की परीक्षेच्या मुलांना वेळ कोठे आहे. ज्यांनी अभ्यासिका आतून पाहिली आहे ते हा आक्षेप घेणार नाहीत. आमच्याकडे सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला चहाला उतरलेली मुले पाऊण तास टपरीवर उभी असत, आणि जेवणानंतरचा तास बहुतेकांचा फोनवरच जाई. त्यातील एक-दोघे जरी रोज वीस पाने वाचू लागले असते, तरी ते परीक्षेला मुकले नसते. शिवाय या परीक्षांतून निवड होणाऱ्यांपेक्षा न होणाऱ्यांची संख्या किती मोठी असते ते सर्वांना माहीत आहे. पाच-सहा वर्षे एका इमारतीत घालवून निघताना त्यांच्याजवळ नोट्सची रद्दी तेवढी उरते.

हे सगळे ठरवायचे कोणी? सरकारने परिपत्रक काढावे अशी माझी अपेक्षा आहे, पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही, कारण असे निर्णय ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला स्वतःच्या सभेत घेता येतात. अडचण एवढीच, की अनेक ठिकाणी अभ्यासिकेतील मुले संस्थेची सभासद नसतात. ती फी भरतात, संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो, परंतु वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांना मत नसते, आणि मंडळावरील ज्येष्ठांना ती मुले ग्रंथालयाची वाटतच नाहीत. आमच्या वाचनालयात त्या सभेची सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लागत असे: विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. दीडशे मुले रोज त्या फळ्याजवळून वर जात, आणि सभा भरे तेव्हा वरच्या मजल्यावर आवाज येऊ नये म्हणून जिन्याचे दार लावून घेतले जाई.